मूळ कपाटात ठेवणारा माणूस

पगारेभाऊंनी फोटो काढला की पुढचं अर्धं मिनिट कुणी हलायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. खरं म्हणजे बटण दाबून झालेलं असायचं, फोटो येऊन गेलेला असायचा, आता हललं काय नि नाचलं काय, काही बिघडणार नव्हतं. हे त्यांनाही ठाऊक होतं. पण कॅमेऱ्याच्या पाठीवरचा बारका लाल दिवा लुकलुकत असेपर्यंत ते स्वतः श्वास धरून उभे राहायचे, आणि त्यांचा तो चेहरा बघून समोरचाही आपोआप तसाच राहायचा. दिवा विझला की मान हलवून म्हणायचे, "बसली." म्हणजे फाइल कार्डावर बसली. मग लोकांनी पोट सोडायचं, पदर सावरायचा, पोरांना धपाटे घालायचे. एका लग्नात तर त्यांनी नवरा-नवरीला हातात हार धरून असं ताटकळत ठेवलं, की भटजींनी मंत्र थांबवून विचारलं, काही अडचण आहे का.

अडचण अशी काही नव्हती. पगारेभाऊ फोटो टिफमध्ये, म्हणजे काहीच न गाळणाऱ्या जड फाइलमध्ये, काढत. दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट सांगते आहे. जावयानं दुबईहून आणलेला तो डिजिटल कॅमेरा जेपेगमध्ये फोटो काढायला एक सेकंद घ्यायचा, आणि टिफमध्ये काढायला अर्धं मिनिट. एका कार्डावर जेपेगचे शंभरेक फोटो मावायचे, टिफचे पाच. आणि हा माणूस सुखानं पाच घ्यायचा. ऑफिसातले सगळे हसायचे. मीही हसायचे, उगाच खोटं कशाला बोलू.

आमची ओळख त्याच्या दहा-बारा वर्षं आधीची. आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स करून मी सातपूरच्या एका कंपनीत ट्रेसर म्हणून लागले. पेठ तालुक्यातल्या आमच्या पाड्यावरून अशी नोकरी करणारी मी पहिलीच बाई. त्यामुळे माझ्या अंगात भीती आणि मस्ती दोन्ही भरपूर होती. पगारेभाऊ तेव्हा प्रिंटरूम सांभाळायचे. प्रिंटरूम म्हणजे अमोनियाच्या मशीनची खोली. आम्ही ट्रेसिंग पेपरवर शाईनं ड्रॉइंग काढायचं, ते त्यांनी मशीनमधून फिरवून जांभळट रेघांची प्रिंट काढायची, आणि ती प्रिंट खाली शॉपवर कारागिरांकडे जायची. अमोनियाचा वास असा, की सर्दी झालेला माणूस त्या खोलीत नुसता डोकावून आला तरी मोकळा व्हायचा. अर्ध्या कंपनीची सर्दी भाऊंनी फुकटात बरी केली. स्वतःचे डोळे मात्र कायम लालसर. नव्या माणसाला वाटायचं, हे रडले आहेत की काय.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला कपाटासमोर उभं केलं आणि सांगितलं, "भोयेताई, एवढं एकच लक्षात ठेवा. मूळ कपाटात, नक्कल शॉपवर. साहेब येऊ द्या नाहीतर साहेबांचे साहेब, मूळ द्यायचं नाही." कारागीर प्रिंटवर तेल सांडतो, त्यावर चहाचा पेला ठेवतो, घाई झाली तर तिच्यावर डबाही खातो. खाऊ दे. दुसरी काढू. मूळ गेलं की मात्र सगळंच गेलं.

मूळ कपाटातून काढलं की तिथं एक चिठ्ठी लावायची, कुणी नेलं, कशाला नेलं. प्रिंट निघाली, ती भाऊंनी स्वतः उजेडाशी धरून तपासली, की मगच चिठ्ठी फाटायची. नुसतं "निघाली हो प्रिंट" असं तोंडी सांगून चालायचं नाही. तोंडी सांगणाऱ्याकडे ते असे शांतपणे बघत राहायचे, की तो माणूस निमूट जाऊन प्रिंट घेऊन यायचा.

दुसरा नियम कंपनीचा होता. ड्रॉइंगमध्ये बदल झाला, रिव्हिजन आली, की शॉपवरची जुनी प्रिंट शोधून आणायची आणि फाडायची. दोन रिव्हिजनच्या प्रिंटा एका वेळी फिरत राहिल्या तर कारागीर जुन्यावरून पार्ट बनवून मोकळा होतो. तर फाडा. हे फाडायचं काम माझ्याकडे असायचं आणि मला ते मनापासून आवडायचं. घरी कुणाला काही फाडता येत होतं? इथं त्याचा पगार मिळत होता.

आता हे दोन्ही नियम एकमेकांना लागून आहेत आणि तरी वेगळे आहेत. हे कळायला मला दहा-बारा वर्षं लागली आणि त्याची किंमत जबर पडता पडता राहिली.

पण त्याआधी फोटोंचं सांगते. भाऊंना फोटोचं वेड कुठून लागलं ते मला माहीत नाही, त्यांनीही कधी सांगितलं नाही. रविवारी ते सायकलवर निघायचे आणि पंचवटीच्या भाजीबाजारात, नदीकाठी, नाहीतर त्र्यंबक रस्त्याला भटकायचे. त्या काळी ते स्लाइडवर फोटो काढायचे. स्लाइड म्हणजे निगेटिव्ह नाहीच, जी फिल्म कॅमेऱ्यात होती तीच धुऊन चौकटीत बसवायची. तिला हात लावायच्या आधी ते साबणानं हात धुवायचे आणि आम्हालाही धुवायला लावायचे. बुद्धपौर्णिमेला त्यांच्या घरी खीर खायला गेलो की आधी हात धुऊन स्लाइडी बघायच्या, मग पुन्हा हात धुऊन खीर. सुमनवहिनी म्हणायच्या, आमच्याकडे साबण खिरीपेक्षा जास्त लागतो.

त्या स्लाइडींच्या डब्यात सतरा नंबरचा खण रिकामा होता. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "सतरा बाहेर आहे." कंपनीच्या रेकॉर्डरूममधून ड्रॉइंग कुणी नेलं असलं की असंच म्हणायची पद्धत होती, ड्रॉइंग बाहेर आहे. मला वाटलं, कुणाला बघायला दिली असेल. वहिनींनी नंतर चहा करताना सगळं सांगितलं. सतरा नंबर म्हणजे त्यांचा सगळ्यात चांगला फोटो. पंचवटीत सकाळच्या उन्हात एक म्हातारी मेथीच्या जुड्यांवर तांब्यानं पाणी शिंपडते आहे, आणि ते पाणी हवेतच थांबलेलं. परगावच्या एका स्पर्धेनं मूळ स्लाइडच मागवली होती, नक्कल चालणार नाही म्हणून नियमात लिहिलं होतं. भाऊंनी आठ दिवस विचार केला आणि पाठवली. आयुष्यात एकदाच त्यांनी मूळ कपाटाबाहेर काढलं, आणि ते परत आलं नाही. तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं की आमच्याकडे पोचलीच नाही. रजिस्टर पोस्टाची पावती अजून त्यांच्या पाकिटात आहे, असं वहिनी म्हणाल्या, आणि मी ती पुढे खरंच बघितली. घड्या पडून पडून तिचे चार तुकडे झाले होते.

कंपनीत कॉम्प्युटर आले आणि आमची ट्रेसिंग संपली. मी कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायला, शिकले, भाऊंची प्रिंटरूम बंद झाली आणि त्यांना रेकॉर्डला बसवलं. दुसरा कुणी असता तर कुढला असता. हे कामाच्या वेळानंतर माझ्या खुर्चीमागे उभे राहून बघायचे आणि प्रश्न विचारायचे. फाइल म्हणजे काय, ती कुठं असते, मी सेव्ह केल्यावर आधीची कुठं गेली, वगैरे. हे शेवटचं तर दहा वेळा.

कॅमेरा आला तेव्हा त्यांनी पहिला धडा आपटी खाऊन घेतला. नाशकातल्याच एका स्पर्धेत डिजिटल विभाग होता, फोटो सीडीवर मागवले होते. नियमात स्वच्छ लिहिलं होतं, जेपेगमध्ये पाठवा. भाऊंनी टिफ पाठवले, कारण ते चांगले. संयोजकांनी फोटो न बघताच बाद केले. आम्हाला वाटलं आता हे भांडणार. तर ते दुसऱ्या दिवशी डबा खाताना म्हणाले, चूक माझी. शॉपवर मूळ ट्रेसिंग पाठवल्यासारखं झालं हे. त्यांनी प्रिंट मागितली होती, मी कपाट पाठवलं.

तेव्हापासून कुठल्याही स्पर्धेचं पत्रक आलं की ते लाल पेन्सिल घेऊन बसायचे. विषय काय, बक्षीस काय, परीक्षक कोण, ते सगळं नंतर. आधी फॉरमॅटची ओळ शोधायची आणि तिच्याखाली रेघ ओढायची. कुठला फॉरमॅट, लांब बाजू किती, फाइल किती मोठी चालेल. ते मागतील ते आणि तेवढंच द्यायचं, मूळ घरी ठेवायचं. दर वेळी मुळापासून नवी नक्कल काढायची, नकलेची नक्कल काढायची नाही.

नकलेची का नाही, ते त्यांनी मला जसं समजावलं तसं मला नंतर कुठल्या पुस्तकातही सापडलं नाही. ट्रेसिंगवर चूक दुरुस्त करायची तर आम्ही अर्ध्या ब्लेडनं शाई खरवडायचो आणि वरून नवी रेघ मारायचो. एकदा खरवडलं तर कळत नाही. दोनदा, तीनदा खरवडलं की कागद तिथं झिरझिरीत होतो, आणि पाचव्यांदा भोकच पडतं. ते म्हणाले, "जेपेगच्या आत ब्लेड आहे, ताई. उघडून नुसतं बघितलं तर काही नाही. पण बदल करून सेव्ह केलं, की थोडं खरवडलं." टिफमध्ये ब्लेड नाही, म्हणून ती जड. आमचे साहेब शेजारून जाता जाता म्हणाले, अहो पगारे, एका फोटोला बारा एमबी? अख्ख्या मशीनचं ड्रॉइंग याहून लहान असतं. भाऊ म्हणाले, साहेब, मशीन पुन्हा काढता येतं.

मला हे सगळं पटायचं. कळलं मात्र नव्हतं, आणि ते कसं ते आता सांगते.

त्या वर्षी लावणीच्या दिवसांत मी भाऊंना आणि वहिनींना आमच्या पाड्यावर नेलं. भात लावून झालं होतं, वरच्या उतारावर नागली लावायची चालली होती. माझी आई बायकांबरोबर चिखलात वाकलेली. आईला फोटोचं भयंकर वावडं. पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळे कॅमेरा दिसला की तोंडावर पदर. मतदार ओळखपत्रावर तिचा जो फोटो आहे तो बघून आमची धाकटी बहीण म्हणायची, ही आई नाही, हा फौजदार आहे.

भाऊंच्या गळ्यात जुना फिल्मचा कॅमेरा होता. डिजिटल त्यांनी माझ्या हातात दिला होता, बजावून, की चार फोटो झालेत, एकाची जागा आहे, जपून. आणि बांधावरून आईकडे जाताना पगारेभाऊ घसरले. घसरले म्हणजे कसे, तर दोन्ही हातांनी कॅमेरा डोक्यावर धरलेला, तोंडावर कसलाही भाव नाही, आणि माणूस शांतपणे कमरेपर्यंत चिखलात बसलेला. आई कंबरेवर हात देऊन सरळ झाली, त्यांच्याकडे बघितलं, आणि हसली. पदर खाली, हातात रोपांची जुडी, तोंड मोठ्ठं उघडं, डोळे मिटलेले. मी बटण दाबलं. लाल दिवा लुकलुकायला लागला. आई हसतेच आहे, बायका हसतायत, वहिनी बांधावर बसून डोळे पुसतायत, आणि चिखलातून भाऊ मला ओरडून विचारतात, "बसली का?"

बसली होती. घरी आईला कॅमेऱ्यात फोटो दाखवला, तर तिनं बराच वेळ बघितला आणि भाऊंना म्हणाली, भाऊ, तू पडलास म्हणून मी सापडले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो फोटो माझ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उतरवला. भाऊंनी फाइल पुरी उघडायला लावली, खालच्या कोपऱ्यापर्यंत बघितली. मग म्हणाले, मूळ आता तुमच्याकडे. प्रिंट निघाली की मला दाखवा. मी हो म्हटलं आणि विसरले.

दिवाळीच्या आसपास एका स्पर्धेचं पत्रक आलं. विषय होता श्रमाचा आनंद. भाऊ म्हणाले, आईंचा पाठवा. त्यांनी लाल पेन्सिलनं रेघ मारून दिली: जेपेग, लांब बाजू एक हजार चोवीस. मी लहान करून सेव्ह केला. मग वाटलं जरा उजळ करावा, केला. मग कडेची बाई कापली, कापून सेव्ह. मग पुन्हा जरा गडद. आणि प्रत्येक वेळी नवी फाइल झाली, की तिच्या नावापुढे रिव्हिजनचा नंबर टाकून मी आधीची पुसली. बारा वर्षं हेच केलं होतं ना मी. नवी रिव्हिजन आली, जुनी फाडा, नाहीतर कुणीतरी चुकीच्या प्रिंटवरून काम करेल. सगळ्यात आधी पुसली ती ती जड टिफ. पुसताना मला बरंसुद्धा वाटलं, फोल्डर कसा स्वच्छ झाला म्हणून. आता आठवलं तरी कपाळावर हात मारावासा वाटतो.

त्याच सुमाराला मला जाणवलं होतं, की भाऊ डिजिटल कॅमेरा आणत नाहीत. डिसेंबरात ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमातही गळ्यात जुनाच कॅमेरा. सगळ्यांनी चिडवलं, काय पगारे, बिघडला का दुबईवाला? का जावयानं परत नेला? ते नुसते हसले. मला वाटलं, हौस फिटली असेल. एवढी कटकट कोण किती दिवस करणार.

पौषात आई गेली. चार दिवस ताप आला आणि गेली. हार घालायला फोटो शोधला तर घरात तो फौजदार. मी ऑफिसच्या प्रिंटरवर तो हसरा फोटो पोस्टकार्डाएवढा काढून नेला. पाड्यावरच्या बायका तो हातात घेऊन हसल्या आणि रडल्या. बहीण म्हणाली, ताई, हाच मोठा करून आण, भिंतीला लावू, पोरांना आजी अशीच दिसू दे. मी म्हटलं, आणते.

तेराव्यानंतर कामावर आले आणि आठवड्याभरात स्पर्धेवाल्यांचा फोन आला. फोटो प्रदर्शनासाठी निवडला आहे, वीस बाय तीस इंची प्रिंट काढायची आहे, मूळ मोठी फाइल दहा दिवसांत पाठवा. मी फोल्डर उघडला. त्यात एकच फाइल, रिव्हिजन चार. ती मोठी करून बघितली. आईच्या हसण्याचे चौकोन झाले. डोळ्यांच्या जागी चौकोन, तोंडाच्या जागी काळा डाग, रोपांची जुडी म्हणजे नुसता हिरवा लगदा. मी ती लहान केली, पुन्हा मोठी केली, जणू दुसऱ्यांदा काही वेगळं दिसणार होतं. बक्षीस, प्रदर्शन खड्ड्यात गेलं. माझी आई आयुष्यात एकदा पदर न घेता हसली होती, आणि ते मी माझ्या हातानं फाडून टाकलं होतं.

कॉम्प्युटरच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, मॅडम, सहा महिन्यांत मशीन दोनदा पुसून नव्यानं भरलं, आता कुठून आणू. चार दिवस पगारेभाऊंकडे जायची माझी छाती होत नव्हती. दुसऱ्या कुणी रागावलं असतं तर सोसलं असतं. पण ज्या माणसानं दहा वर्षं मला एकच गोष्ट सांगितली, त्याच्यासमोर जाऊन ती एकच गोष्ट मी केली नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

पाचव्या दिवशी संध्याकाळी गेले. कामगार वसाहतीतलं त्यांचं दोन खोल्यांचं घर, दारातल्या कुंडीत तुळस नाही, कढीपत्ता. वहिनींनी पाणी दिलं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, आणि सांगता सांगता रडायला लागले.

भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रिव्हिजन आली म्हणून जुनी फाडली?"

मी मान हलवली.

"कंपनीनं तुम्हाला चांगलंच तयार केलं, ताई," ते म्हणाले, आणि उठले. मोरीत जाऊन त्यांनी साबणानं हात धुतले, पुसले, लोखंडी कपाट उघडलं आणि एक खाकी पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. त्यावर त्यांच्या त्या ड्रॉइंगवरच्या सुबक अक्षरांत लिहिलं होतं: भोयेताईंच्या आई, पेठ. प्रिंट बघणे बाकी. आत कॅमेऱ्याचं कार्ड होतं.

मला आधी काही कळेचना. हे दुसरं कार्ड आहे का, असं काहीतरी मी विचारलं. वहिनी आतून म्हणाल्या, दुसरं कुठलं, एकच तर आहे. "जुलैपासून त्या कॅमेऱ्याला हात लावला नाही यांनी. नातीचं बारसं झालं, तेसुद्धा जुन्यावर. मी म्हटलं, अहो, ताईंनी घेतलंय उतरवून, पुसा आता. तर म्हणे, अजून प्रिंट बघितली नाही. बाकीचे चार पुसा म्हटलं, तर म्हणे, चुकून तोच पुसला गेला तर?" सायबरवाल्याकडे जाऊन सीडीवर घ्या म्हणून सांगितलं, तर परक्याच्या हातात देणार नाहीत. जावयाला दुसरं कार्ड आणायला सांगितलंय, तो येईल उन्हाळ्यात.

तो कॅमेरा म्हणजे भाऊंचा जीव की प्राण होता. सात महिने तो त्यांनी कपाटात ठेवला, लोकांची चेष्टा ऐकून घेतली, एकुलत्या नातीच्या बारशाला काढला नाही. कशासाठी, तर एका बाईनं "प्रिंट दाखवते" म्हटलं होतं आणि दाखवली नव्हती. मी विचारलं, भाऊ, मला एकदा विचारायचं तरी.

ते जरा अवघडले. म्हणाले, "आधी वाटलं, तुमचं काम चाललंय. मग आई गेल्या. तेव्हा प्रिंट कुठंय, असं कसं विचारायचं?" मग पाकिटावरच्या अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाले, "चिठ्ठी लागलेली होती, एवढंच."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः कार्ड घेऊन कंपनीच्या गेटवर आले. निवृत्त माणूस, आत येता येईना, तर वॉचमनच्या केबिनजवळ उभे राहिले. मी फाइल उतरवली, खालच्या कोपऱ्यापर्यंत उघडून बघितली, तीन सीड्या केल्या आणि कार्ड त्यांना परत नेऊन दिलं. त्यांनी ते खिशातल्या त्याच पाकिटात ठेवलं. मला वाटलं होतं, आता पाकीट फाडतील. फाडलं नाही.

प्रदर्शनात आईला बक्षीस मिळालं नाही. एक प्रमाणपत्र मिळालं, आणि दारातून आत शिरल्यावर समोरचीच भिंत. पाड्यावरून बहीण आणि तिची पोरं आली होती. पोरं फोटोसमोर उभी राहून आजीसारखं तोंड उघडून हसून दाखवत होती. भाऊ आणि वहिनी दुपारी आले. भाऊंनी पांढरा शर्ट घातला होता आणि खांद्याला पिशवी. ते सरळ फोटोपाशी गेले, खिशातून स्लाइडी बघायचं भिंग काढलं आणि आईच्या चेहऱ्यापासून सुरुवात केली. पडलेल्या दातांच्या जागा, कपाळावरचं गोंदण, चिखलाचे शिंतोडे, रोपांची एक एक पात. लोक बाजूला होऊन त्यांच्याकडे बघायला लागले. खालच्या कोपऱ्यात पोचल्यावर ते थांबले. तिथं, फोटोच्या अगदी कडेला, डोक्यावर कॅमेरा धरलेले दोन हात दिसत होते. नुसते हात. माणूस चौकटीच्या बाहेर, चिखलात. कडेची बाई कापताना मी तो कोपराही कापून टाकला होता.

ते सरळ झाले आणि म्हणाले, कुठं खरवडलेलं नाही. मग पिशवीतून कॅमेरा काढला, खाकी पाकीट काढलं, कार्ड आत बसवलं, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "आता पुसू का?"

त्या दिवसापर्यंत कुणी माझं काही इतकं जपून ठेवलं नव्हतं, आणि ते सोडताना माझी परवानगी मागितली नव्हती. मी म्हटलं, पुसा भाऊ. त्यांनी बटण दाबलं. मग खाकी पाकिटाचे शांतपणे दोन तुकडे केले आणि खिशात ठेवले.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी ते गेले. आजारपणात मी भेटायला जायचे, पण तेव्हाचे भाऊ मला आठवत नाहीत. मला आठवतात ते त्या दालनातले. मोकळं झालेलं कार्ड, सात महिन्यांनी हातात आलेला कॅमेरा, आणि मला आईशेजारी उभं करून चार पावलं मागे गेलेले. त्यांनी बटण दाबलं. लाल दिवा लुकलुकायला लागला. बहिणीची पोरं गप्प झाली, येणारेजाणारे थबकले, माझ्या गालावरून पाणी चाललेलं होतं आणि मी ते पुसलं नाही, कारण हलायचं नव्हतं. लाल डोळ्यांनी भाऊ कॅमेऱ्याच्या पाठीकडे बघत होते, श्वास धरून.

"बसली," ते म्हणाले.